अर्ध्या मिनिटात लिहिलेलं कारण

"…पण अजून किती वेळ नुसतं बघत बसायचं, मास्तर?"

मकरंदनं तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनमास्तर स्टुलावर बसून संगणकाच्या पेटीवरच्या छोट्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. दिवा लुकलुकत होता.

मास्तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तालुक्यात कुठलंही यंत्र अडलं की लोक त्यांना बोलावतात. आज बोलावलं होतं मकरंद गुळवणीनं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीचा संगणक सांभाळतो आणि आपल्याइतका झटपट माणूस जिल्ह्यात नाही, असं सांगत फिरतो.

दुपारी दोनला वीज गेली. पाच मिनिटांत आली. संगणक सुरू झाला, पण रक्तदात्यांची यादी असलेली डिस्क उघडेना. पडद्यावर एकच ओळ : 'डिस्क माउंट होत आहे', म्हणजे उघडायच्या तयारीत आहे.

खिडकीच्या गजांना धरून भागाबाई उभ्या होत्या. त्यांची लेक आत बाळंत झाली होती. रक्त थांबत नव्हतं. तिचा रक्तगट दहा हजारांत एखाद्याचा. अख्ख्या तालुक्यात त्या गटाचे तीनच दाते, आणि तिघांचेही नंबर त्या डिस्कवर. पूर्वी एका वहीतही होते. ती वही मकरंदनं रद्दीत घातली होती.

"सायेब, घावला का नंबर?"

"सापडतोय, मावशी. बसा जरा."

"बसू कशी? पोर पांढरी फटक पडलीय आत!"

मकरंदनं कपाळावरचा घाम पुसला. "हँग झालंय हे. बंद करून परत चालू करतो."

त्याचं बोट बटणाकडे गेलं. मास्तरांनी बटणावर पंजा ठेवला.

"किती वेळा केलंस?"

"काय?"

"बंद-चालू."

"…दोनदा."

"किती वेळ थांबून?"

"पंधरा-वीस मिनिटं. काही होतच नव्हतं!"

"दिवा बघ. होतंय. वीज गेली तेव्हा ते काहीतरी लिहीत होतं. त्यातलं काय पुरं झालं, काय अर्धवट राहिलं, ते एकेक पान उलटून तपासतंय. तू दोनदा त्याच्या थोबाडीत मारलीस आणि परत पहिल्या पानावर आणून बसवलंस."

"मला काय माहीत…"

"माहीत नव्हतं, तर फोन दोन वाजताच करायचा. तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

मकरंद खाली बघू लागला. मास्तरही वाकले. टेबलाखालच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"इथं यूपीएस होता. वीज गेली तर अर्धा तास यंत्र जगवणारा. मीच बसवला होता. कुठाय?"

मकरंद टेबलामागच्या तारा चाचपू लागला.

"कुठाय?"

"…मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. टीव्हीला."

"का?"

"मॅच आहे ना आज. मध्येच वीज गेली तर…"

"उचलून नेला कुणी?"

"…मीच. साहेब काही बोलले नव्हते. मीच म्हटलं, लावून देतो."

भिंतीपलीकडे टीव्हीवर जल्लोष झाला. कुणीतरी चौकार मारला होता. दुपारी दोनला वीज गेली तेव्हाही तो टीव्ही क्षणभर बंद पडला नव्हता.

मास्तरांनी पंजा काढला नाही. भागाबाईंनी गज सोडले नाहीत.

…चाळीस मिनिटांनी डिस्क उघडली.

पहिल्या दात्याचा फोन बंद होता. दुसरा शेजारच्या गावचा प्राथमिक शिक्षक. तो वर्ग सोडून मोटारसायकलवर आला. पाचच्या सुमारास रक्त चढलं. भागाबाईंची लेक वाचली. पण तोवर डॉक्टरांना तिची गर्भपिशवी काढावी लागली होती. पहिलंच बाळंतपण. वय बावीस.

मकरंदनं नोंदवही काढली. यंत्र बंद पडलं की तिच्यात कारण लिहायचं आणि हजर असलेल्या जाणकाराची सही घ्यायची, असा तिथला नियम. त्यानं लिहिलं : 'अचानक वीज गेल्यामुळे यंत्र उशिरा सुरू झाले.' खाली झोकात सही केली. वही मास्तरांपुढे सरकवली.

मास्तरांनी वाचलं. पेन घेतलं आणि त्या ओळीवर अशी रेघ मारली की कागद फाटला.

"मास्तर! खोटं काय आहे त्यात? वीज गेलीच होती ना?"

"किती वेळ लागला लिहायला?"

"एवढ्याला कसला वेळ… अर्धं मिनिट."

मास्तरांनी वहीचं नवं पान उघडलं, पेन त्याच्या हातात दिलं, आणि स्वतःचं स्टूल त्याच्याकडे ढकललं.

"आपलं काय चुकलंय ते शोधायला त्या यंत्राला चाळीस मिनिटं लागली. तुला अर्ध्या मिनिटात कसं सापडलं?"