मागाच्या कडेने

“मग त्या इंग्रजांना म्हैस घावली का?” जोती नाईकांनी विचारलं.

कृष्णात चालता चालता थबकला. इतका वेळ तो जे सांगत होता, त्यात म्हैस कुठेच नव्हती.

“कुठली म्हैस, नाना?”

“तुमीच म्हणला, त्यांच्या शब्दाच्या बुडाशी माग काढणं हाय. मग कायतरी हरवलेलं असंल की. उगं कोण माग काढतंय?”

...

कृष्णात देवकाते तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. ‘लर्न’ या एका क्रियापदाच्या पाठी तो अकरा वर्षं होता. शिकणे, एवढा साधा अर्थ. पण जाडजूड ग्रंथ पालथे घालून त्याने त्याचं मूळ गाठलं होतं. पायाच्या खुणा धरून जाणे, हा त्या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ.

तेव्हापासून त्याला खरा माग काढणारा गुरू हवा होता. गावात तो एकच होता. पंचाहत्तरी उलटलेले जोती नाईक. कृष्णात तीनदा त्यांच्या दारात गेला. तिन्ही वेळा नाईकांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आज ते त्याच्या सोबत निघाले होते, त्याचं कारण वेगळं होतं. पहाटे कृष्णातच्या आईची म्हैस दावं तोडून गेली होती. दिवस भरलेली म्हैस. माळावर लांडग्यांचा वावर. उघड्यावर व्याली तर रेडकू हाती लागायचं नाही. आई सकाळपासून गोठ्याच्या दारात बसून होती. चूलही पेटवली नव्हती. “नाईकांना घे आणि जा,” एवढंच बोलली होती.

ओढ्यापर्यंत माग सरळ होता. पुढे मुरमाड माळ लागला आणि नाईक उकिडवे बसले. नजर जमिनीवर.

कृष्णातला गप्प राहवेना.

“नाना, लॅटिनात नांगराच्या तासाला लिरा म्हणतात. तोही याच कुळातला शब्द. तास सोडून भरकटला, म्हणजे वेडा झाला; इंग्रजीतलं ‘डिलिरियम’ त्यातूनच आलं.”

“ते खरं हाय,” नाईक म्हणाले.

“आणि चांभार ज्या लाकडी ठोकळ्यावर जोडा चढवतो ना, कालबूत, त्याचं इंग्रजी नाव ‘लास्ट’, तेही याच घरातलं. आधी त्याचा अर्थ पाऊलखूण असाच होता.”

“हं.”

“आणखी एक गंमत. एके काळी शिकणं आणि शिकवणं, दोन्हीला त्यांचा हा एकच शब्द चालायचा. गुरूलाही तोच, चेल्यालाही तोच.”

नाईकांनी मान वर केली.

“मग गप कोण बसायचं?”

...

ऊन चढत होतं. कुठेतरी टिटवी ओरडली.

नाईकांनी हातातली काठी पुढे केली आणि कृष्णातच्या बुटावर हलकेच टेकवली.

कृष्णातने पाय उचलला. बुटाच्या नक्षीखाली अर्धा खूर उमटलेला होता. उरलेला अर्धा त्यानेच पुसला होता. मागे वळून पाहिलं, तर वीस पावलं तेच. खुरावर बूट, खुरावर बूट.

शेजारून नाईकांच्या वहाणांची एक ओळ आली होती. मागापासून हातभर अंतर राखून.

आई दारात बसली आहे, हे त्याला आठवलं.

“माझ्यामुळे माग गेला का, नाना?”

नाईकांनी हाताने खाली बसायची खूण केली. मग आणखी खाली. कृष्णात इस्त्रीच्या कपड्यांनिशी मुरमावर पालथा पडला आणि गाल जमिनीला लावला.

आधी नुसते खडे दिसले.

मग एक खडा उलटा दिसला, त्याची ओली बाजू वर. त्याच्यापुढे मोडलेली काडी. त्याच्यापुढे आणखी एक खडा...

त्याला याचं काहीतरी नाव सांगायचं होतं. त्याने ते सांगितलं नाही.

तो उठला, बूट काढून हातात घेतले आणि मागाच्या कडेने चालू लागला. नाईक आता मागून येत होते. दोन ठिकाणी तो चुकला, पुन्हा पालथा पडला, पुन्हा उठला. नाईकांनी एकदाही वाट सांगितली नाही.

करंजाच्या घळीत म्हैस उभी होती. पायाशी काळं, ओलं रेडकू. ती त्याला चाटत होती. कृष्णातला पाहून तिने शिंगं रोखली, मग वास घेतला आणि पुन्हा चाटायला लागली.

कृष्णात मटकन खाली बसला. रडू येतंय हे नाईकांना दिसू नये म्हणून त्याने मान फिरवली. नाईकही मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी अंगावरची घोंगडी काढली, रेडकाला गुंडाळलं आणि कृष्णातच्या खांद्यावर दिलं.

“नाना,” कृष्णात म्हणाला, “आता मला माग काढता येतो ना?”

नाईकांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला.

“म्हस जड हुती. जड जनावराचा माग कुणालाबी दिसतो.”

कृष्णातने मान खाली घातली.

...

“रेडकू माळावर फिराय लागलं,” नाईक म्हणाले, “की ये.”