दारातली घोंगडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात. चुकलं असेल तिथे सांभाळून घ्या.

एका गावात कोष्ट्यांची आळी होती. तिथे आप्पाण्णा नावाच्या मालकाकडे केरबा लुगडी विणायचा. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेले असत. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचा, दोन पायांनी दोन पावड्या आलटून पालटून दाबायचा आणि सुताचा धोटा इकडून तिकडे पळवायचा. केरबाचा हात चांगला चालायचा, पण तोंड त्याहून जास्त. गप्पांच्या नादात तो लुगड्याचा काठ बिघडवायचा आणि मालकाच्या शिव्या खायचा. संध्याकाळी बायको सुगंधा त्याला उंबऱ्यावर बसवून केसांतला कापूस वेचायची, आणि भाकरीत कापूस पडतो म्हणून कुरकुरायची.

एकदा बैलगाडीचं चाक केरबाच्या पायावरून गेलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आप्पाण्णा मनाने चांगला. त्याने मागाच्या खोलीच्या दारात घोंगडी अंथरून केरबाला बसवलं. सांगितलं, की रोज यायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या; धान्य घरी पोचेल. गावाने आप्पाण्णाचं फार कौतुक केलं. विणकरही केरबाला जपू लागले. कालपर्यंत ‘ए केरब्या’ म्हणणारे आता ‘केरबादादा, बसा’ म्हणू लागले. पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी त्याला उचलू देईना.

केरबा बसून राहायचा. आत मागांचा खटखटाट चालायचा आणि त्याचा नसलेला पायही त्या तालावर पावडी दाबायला निघायचा. त्याच्या मागावर सुताचे गठ्ठे रचले होते. संध्याकाळी घरी गेला, की तो सवयीने उंबऱ्यावर टेकायचा. सुगंधा केसांतून हात फिरवायची. वेचायला काही नसायचं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी माग बंद असतात. प्रत्येक जण आपला धोटा पुसून ओळीत मांडतो, त्याला झेंडू वाहतो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा काम सुरू होतं. आप्पाण्णाने केरबाला बोलावलं आणि नारळ फोडायचा मान यंदा त्याचा, असं सांगितलं. केरबा कुबडीवर पुढे आला. नारळ घेण्याआधी त्याने सदऱ्यातून स्वतःचा धोटा काढला आणि ओळीच्या शेवटी ठेवला. रोज तेल लावल्यामुळे तो चकाकत होता.

आप्पाण्णाचे डोळे भरून आले. “हे कशाला आणलंस रे? मी आहे तोवर तुला काम करायची पाळी येणार नाही.”

“मालक, तुम्ही मला देवासारखं बसवलंय,” केरबा म्हणाला. “बसून बसून देवसुद्धा कंटाळत असंल. तुम्ही मला शेवटची शिवी कधी दिली, आठवतंय का?”

आप्पाण्णा चाचरत म्हणाला, माग दोन पायांनी चालतो.

“माग लाकडाचा असतो, मालक. पाय काय मला कोणी परत देणार नाही. पण सुतार आळीच्या टोकालाच बसतोय. दोन्ही पावड्या जवळ आणल्या तर एका पायानं दाबीन.”

आप्पाण्णाला खरी भीती दुसरीच होती, आणि ती त्याने बोलून दाखवली. लोक म्हणतील, हा लंगड्यालाही राबवून घेतो.

धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणारी म्हातारी चंद्राक्का कोपऱ्यातून म्हणाली, “म्हंजे तुमच्या चांगुलपणाला दृष्ट लागू नये म्हणून त्यानं जन्मभर दारात लिंबू-मिरचीवानी लटकायचं व्हय?”

सगळे हसले. आप्पाण्णा हसला नाही. पूजा उरकून तो तडक निघून गेला. मालक दुखावला, आता दारातली जागाही गेली, असं वाटून केरबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दसऱ्याला सकाळी तो भीत भीत आला. आप्पाण्णा स्वतःच्या हाताने सुताचे गठ्ठे उचलत होता आणि सुतार खड्ड्यात उतरून पावड्या सरकवत होता. खड्ड्यात उतरायला त्याने एक पायरीही ठोकली. केरबा मागावर बसला. सूत पुन्हा पुन्हा तुटलं. दुपारपर्यंत जे विणून झालं, त्याचा काठ वाकडा आला.

आप्पाण्णा येऊन उभा राहिला. बाकीचे माग थांबले. असू दे, चालेल, असं तो म्हणणारच होता. तेवढ्यात त्याने केरबाच्या तोंडाकडे पाहिलं.

“केरब्या, हा लुगड्याचा काठ आहे का ओढ्याची वाट?” तो म्हणाला. “उकल सगळं. आणि तोंड कमी चालव, मेल्या.”

“व्हय, मालक.” केरबाने मान खाली घातली. बराच वेळ त्याला सूत नीट दिसेना.

त्या संध्याकाळी सुगंधाने उंबऱ्यावर कापूस वेचला, आणि खूप दिवसांनी कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा सगळ्यांच्या आधी आला. दारातली घोंगडी त्याने उचलली, झटकली, चौघडी केली, आणि आपल्या मागाच्या काठावर बसायला घेतली.

तात्पर्य: अधू माणसाला नुसतं जपू नका. त्याला जमेल तसं काम मांडून द्या, आणि मग ते इतरांइतकंच चोख मागा. त्याचा मान त्यातच आहे.