चिपला किती वीज लागते?

कुंभारखोरी गावात एक भोळा जीव राहत होता. नाव बुधा. सांगाल तेवढंच करायचा, आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही. घोळ तिथेच व्हायचा.

गावात शेवंताअक्कांचं छोटं वर्कशॉप होतं. रानडुकरं पळवायला शेतात भोंगा वाजवणारी यंत्रं त्या बनवायच्या. प्रत्येक यंत्रात एक चिप आणि एक बॅटरी. डोंगरावरच्या तात्यांनी बरीच यंत्रं बनवायला सांगितली होती, पण त्यांची एक शंका होती. चिपमध्ये नवा प्रोग्राम शेतातच टाकावा लागणार. तिथे वीज नाही. नुसत्या बॅटरीवर निभेल का?

अक्कांनी बुधाला बोलावलं. "प्रोग्राम टाकताना चिप किती वीज घेते ते मोजून सांग. जमलं तर तुला कायमचा ठेवते. नाही तर परत म्हशींमागे जा."

बुधा म्हशींना फार भ्यायचा. त्याने लगेच मीटर जोडला आणि आकडा सांगितला. प्रोग्राम अजून सुरूच केला नव्हता.

"अरे, चिप गप पडलीय," अक्का म्हणाल्या. "काम चालू असताना मोजायचं असतं."

"बरं."

दुपारी अक्कांनी सासूबाईंना त्याच्यासोबत दवाखान्यात पाठवलं, रक्तदाब मोजायला. नर्सने दंडाला पट्टा बांधला. बुधाने म्हातारीला उठाबशा काढायला लावल्या. आकडा बघून नर्सच खाली बसली. मग तिने बुधाला बजावलं, की आधी स्वस्थ बसवावं, धाप जाऊ द्यावी, मगच मोजावं.

"बरं."

दुसऱ्या दिवशी बुधाने चिपमध्ये प्रोग्राम टाकला. पुरा होईपर्यंत हाताची घडी घालून बसला. चिपची धाप जाऊ दिली. मग मीटर लावला. कालचाच आकडा आला.

अक्कांनी कपाळाला हात लावला. त्यांनी समजावलं, की आधी जुनं पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं, आणि तेवढ्या वेळात काटा उड्या मारतो. "सगळ्यात मोठा येईल तो आकडा धर. बॅटरीला तेवढं झेपलं पाहिजे."

"बरं."

संध्याकाळी त्याला सासूबाईंसाठी चपला आणायला धाडलं. बुधाने पारावरच्या सगळ्यांचे पाय मोजले आणि सगळ्यात मोठा आकडा धरला. तो बाळू पैलवानाचा होता. सासूबाईंचे दोन्ही पाय एकाच चपलेत मावले. म्हातारी म्हणाली, "दुसरीत तू झोप."

बुधाला चपलेत मावता येईना, म्हणून तो ओशाळला.

तात्या यायच्या दिवशी बुधाने पुन्हा मीटर जोडला आणि प्रोग्राम सुरू केला. काटा उडाला. त्याने सगळ्यात मोठा आकडा धरला. काम झालं, म्हणून लगेच वायर उपटली. अर्धवट राहिलेली ती चिप पुन्हा काही बोलली नाही.

पण आकडा बरोबर होता. अक्कांनी हिशेब केला. बॅटरीला झेपत होतं.

"एक चिप गेली, जाऊ दे," अक्का म्हणाल्या. "मात्र एकदा सुरू केलं की मधेच वीज तोडायची नाही. कोणी कितीही बोंबललं तरी पुरं होऊ द्यायचं. आणि बुधा, तू आता कायमचा इथेच, बरं का."

बुधाच्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्का तात्यांना आणायला एसटी स्टँडवर निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, विहिरीवरचा पंप सुरू करून माडीवरच्या टाकीत पाणी चढव. बुधाने पंप सुरू केला.

टाकी भरली. टाकी वाहू लागली. सासूबाई ओरडल्या, बंद कर मेल्या. बुधाने हात जोडले. "आजी, मधेच वीज तोडता येत नाही."

म्हातारी स्वतः बटणाकडे निघाली, तर हा बटणाला पाठ लावून उभा राहिला. पाणी जिन्यावरून खालच्या वर्कशॉपमध्ये आलं. तात्यांची यंत्रं तरंगू लागली. शेवटी विहीर आटली आणि पंपात नुसती हवा घरघरायला लागली, तेव्हा कुठे बुधाने बटण बंद केलं. पुरं झालं होतं.

दारात अक्का आणि तात्या उभे होते. तात्या चपला हातात घेऊन पाण्यातून चार पावलं आत आले आणि त्यांनी दबकत विचारलं, की बॅटरीचं काय ठरलं?

बुधाने थांबायला सांगितलं. तरंगणारं एकेक यंत्र पकडून मीटर लावला. सगळी मोजून झाल्यावर त्याचा चेहरा फुलला.

"तात्या, काळजीच मिटली. आता एकही चिप कणभर वीज घेत नाही. तुमची बॅटरी जन्मभर पुरेल."