वाफेच्या घरातली कोरफड

घाट उतरून खाली आलं की नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक बाई साळी उकडायची. ही फार जुनी गोष्ट. लोक पोत्यांनी साळी आणून टाकत. बाई त्या मोठाल्या हंड्यांत उकडायची, अंगणात वाळवायची, मग त्यांचे उकडे तांदूळ व्हायचे. सकाळी पेटलेली चूल दिवेलागणीलाच विझायची. त्यामुळे घरात सदा वाफ. बरणीतल्या मिठाला बाराही महिने पाणी सुटलेलं, भिंतीला हात लावला तर हात ओला. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना वाटे, घर म्हटलं की असंच असतं.

बाईचा हात मोठा सढळ. दारी आलेल्याला पाणी, गुरांना पाणी, अळवाला पाणी, केळीला पाणी. तिच्या हातातला तांब्या कधी खाली म्हणून बसत नसे. गाव म्हणायचं, "हिनं पाणी घातलं तर कुंपणातली काठीसुद्धा फुटेल." आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

या बाईला सून आली ती घाटावरची. तिकडे पाऊस थोडा आणि वारा फार. सून कामाला चांगली होती, पण बोलायला कमी. येताना तिनं दोन लुगडी आणली, आणि सारी वाट मांडीवर धरून एका मडक्यात लावलेली कोरफड आणली. तिची आई आदल्या साली वारली होती. माहेरचं दार बंद झालं होतं. आईच्या हातचं म्हणून जगात आता एवढंच उरलेलं.

सासूनं कोरफड हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पानं काटकुळी, कडा आत वळलेल्या.

"अगो, ही तर उपाशी दिसते," ती म्हणाली. "काही काळजी करू नकोस. आता माझ्याकडे आली आहे."

तिनं घरातली सगळ्यांत चांगली जागा कोरफडीला दिली. म्हणजे चुलीजवळ, पाण्याच्या रांजणाशेजारी. सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी तांब्याभर पाणी, मधे तांदळाचं धुवण. दुपारी ऊन तापलं की मडक्याला ओलं फडकं. पोटच्या लेकराचं करावं तसं ती करत होती. यात लबाडी काही नव्हती.

पंधरा दिवसांत पानं टम्म फुगली. सासूनं शेजारणीला बोलावून दाखवली. "बघ, अंग धरलं की नाही?"

सुनेनं एकदा तोंड उघडून पाहिलं. "आत्याबाई, हिला जरा..."

"पाणी ना? घातलं. आत्ताच घातलं."

सून परत कामाला लागली. कोणी वाईट वागलं तर माणूस भांडेल तरी. इतकं चांगलं वागणाऱ्याला कोणत्या तोंडानं नको म्हणायचं?

महिना गेला आणि खालचं एक पान काचेसारखं पिवळट झालं. हात लावला तर मऊ लागलं. सासूला वाटलं, तहान वाढली. तिनं तिसरा तांब्या सुरू केला. मग दुसरं पान गेलं, मग तिसरं. आणि एके सकाळी सून चूल सारवायला आली तर कोरफड मडक्यात आडवी पडलेली, बुंध्याला कुजकट वास येत होता.

सून खालीच बसली. रडली नाही. नुसती मडक्याला हात लावून बसून राहिली.

सासू धावत आली, तांब्या घेऊनच. शेजारीण विस्तव न्यायला आली होती, तीही मागोमाग आली.

तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई, तांब्या खाली ठेवा."

सासरा हंडा ढवळत होता, त्याचा हात थांबला. या बाईला असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

"ऐका," शेजारीण म्हणाली. "पुरते चार महिने झाले नाहीत येऊन, आणि हुकूम बघा."

सासूच्या मनात काय काय आलं असेल ते तिचं तिला ठाऊक. राग तर आलाच असणार. पण तिनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा त्या आडव्या कोरफडीकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "मग काय करू ते सांग."

"काही नका करू."

"काही नको म्हणजे किती वेळ?"

"आठ दिवस."

"आठ दिवस!" सासऱ्यानं डोक्याला हात लावला. "अगो, त्यापेक्षा हिला काशीला पाठव. ते हिला सोपं जाईल."

मग सून बोलली, आणि आली तेव्हापासून बोलली नसेल एवढं बोलली. "आत्याबाई, कोरफड आपलं पाणी पानात साठवून ठेवते. आमच्याकडे हवा कोरडी. आज घातलेलं पाणी दोन दिवसांत उडून जातं, आणि मुळं मोकळी होतात. इथं तुमच्या घरात हवाच ओली. घातलेलं पाणी जाणार कुठं? त्यावर पुन्हा तांब्या घालायचा म्हणजे जेवून उठलेल्याला परत पाटावर बसवायचं."

सासू ऐकत होती. "मला वाटलं, मी तिला जगवते आहे," ती हळूच म्हणाली.

सुनेनं विळीवर कोरफडीचा बुंधा कापला. आत काळं दिसलं, आणखी वर कापला. पुन्हा काळं. असं करत करत शेवटी आतून स्वच्छ, पांढरट असा वीतभर शेंडा हाती राहिला, चार पानांचा. कापल्या जागेला तिनं चुलीतली निवलेली राख लावली.

"आता हिला कोरड्या जागी ठेवायची, जखम सुकेपर्यंत," ती म्हणाली. "पण या घरात कोरडी जागा कुठली, ते मला नाही कळत."

"ते मला कळतं," सासू म्हणाली.

तिनं पाच पापड विस्तवावर भाजले आणि घरात पाच ठिकाणी ठेवले. एक रांजणापाशी, एक माजघरात, एक देवापाशी, एक कोठीत, आणि एक पडवीतल्या खिडकीत. ही खिडकी कित्येक वर्षं गोणपाट लावून बंद होती, ती तिनं उघडायला लावली. संध्याकाळी दोघी पापड बघत फिरल्या. रांजणापाशी ठेवलेला पापड फडक्यासारखा लोंबत होता. माजघरातला वाकत होता. देवापाशी तसंच, कोठीत तर त्याहून वाईट. खिडकीतला मात्र हातात घेतल्यावर कडकन मोडला. तिथं एका बाजूनं वारा यायचा आणि दारातून निघून जायचा.

"इथं," सासू म्हणाली, आणि त्या पापडाचा अर्धा तुकडा सुनेला दिला.

मग ते आठ दिवस आले. ते कोरफडीला जड गेले नसतील एवढे सासूला गेले. तिसऱ्या दिवशी पानं जरा सुरकुतली. सासू तांब्या घेऊन पडवीत निघाली.

"कुठं?" सासऱ्यानं विचारलं.

"कावळ्याला पाणी ठेवते."

"कावळा खिडकीत बसतो वाटतं आताशा?"

सासू तशीच मागं वळली. तिनं तांब्या अंगणात नेऊन केळीला ओतला.

पाचव्या दिवशी शेजारणीनं कुंपणावरून टोमणा मारला. "आईची आठवण म्हणे, आणि तहानेनं मारते आहे."

"तुझ्या घरी एखादा पापड कडक राहतो का ते आधी बघून ये," सासू म्हणाली, "मग बोल."

आठव्या दिवशी सुनेनं शेंडा उलटा करून दाखवला. कापलेल्या जागी कातडं धरलं होतं, बोट लावलं तर कोरडं लागलं. तिनं बुडाला भोक असलेलं नवं मडकं घेतलं, त्यात नदीची वाळू, विटांचे खडे आणि थोडी माती भरली, आणि शेंडा त्यात लावला.

"आता घालू?" सासूनं विचारलं.

"अजून आठ दिवस नाही."

सासू तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. सूनही हसली. घरात आल्यापासून ती अशी पहिल्यांदाच हसली.

पुढं सुनेनं तिला शिकवलं. मातीत बोट घालायचं, दोन पेरांपर्यंत. ओल लागली तर परत फिरायचं. कोरडं लागलं तरी त्या दिवशीची हवा बघायची. सासूला हे सगळं एका दिवसात जमलं नाही. रोज सकाळी ती खिडकीपाशी जाऊन विचारी, "आज?" आणि सून म्हणे, "आज नाही."

दोन महिन्यांनी सुनेच्या मावशीकडे घाटावर लग्न निघालं. सून पंधरा दिवसांसाठी गेली. जाताना तिनं कोरफडीबद्दल चकार शब्द काढला नाही. वाटेत मात्र तिचा जीव टांगणीला लागलेला. सासूचा हात, आणि मागं अडवायला कोणी नाही.

परत आली ती गाठोडं न ठेवताच पडवीत गेली. कोरफड ताठ उभी होती. पानं जाड, हिरवीगार, आणि बुंध्याशी मातीतून बोटाएवढं नवं पिल्लू वर आलेलं.

सासू मागं येऊन उभी राहिली. जावयाला पुरणपोळी वाढली हे सांगताना बाईचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला होता.

"तू नव्हतीस ना," ती म्हणाली, "तर मी हिला काहीसुद्धा दिलं नाही. एक थेंबसुद्धा नाही."

सून वाकून तिच्या पाया पडली. उठताना म्हणाली, "आई, आता पाणी घाला. आज चालेल."

तात्पर्य: माया आपल्या हाताला येईल तेवढी ओतू नये, समोरच्याची तहान विचारावी, आणि तो पुरे म्हणाला तर तांब्या खाली ठेवावा. तीही मायाच.