भिंतीतल्या देवीचा तळवा

एका राज्यात, जिथे साळुंक्या साक्ष देत आणि माणसे ती ऐकत नसत, सुवर्मा नावाचा राजा होता. त्याची राणी हंसावली एके सकाळी नाहीशी झाली, आणि त्याच सकाळी महालाच्या भिंतीवर एक चित्र उमटले. कानापर्यंत गेलेले डोळे, विलग ओठ, समोर उभारलेला तळवा. अशी बाई कुणी पाहिली नव्हती. मग ती देवी ठरली! भिंतीपुढे देऊळ झाले, नगारा बसला, रोज आरती झडू लागली.

वर्षे लोटली. राजकन्या शशिप्रभा उपवर झाली, आणि चित्राचे रंग विटू लागले. एके दिवशी आरतीत नगारा फुटला, तेव्हा कुठे कळसावरच्या साळुंकीचे बोलणे ऐकू आले.

"राजा, राणीने हाकललेल्या मांत्रिकाचा हा शाप आहे. चित्राचा अर्थ लावा, राणी परतेल. तिसऱ्यांदा चुकलात, तर कायमची गेली."

राजगुरू पुढे झाले. "नेत्र विशाल. देवी करुणामयी आहे."

चित्राचे पाय पुसले गेले.

प्रधान म्हणाले, "ओठ विलग. देवी प्रसन्न हसते आहे."

कंबरेपर्यंत भिंत कोरी झाली. शहाण्यांनी तोंडात बोटे घातली.

राजाने घसा खाकरला. "तळवा उभा. देवी आशी..."

"थांबा, तात!"

उपवर मुलीने देवळाच्या भिंतीवर हळदीचा हात उमटवायचा, ही तिथली रीत. शशिप्रभेने तो नुकताच उमटवला होता. आपल्या ठशाकडे आणि चित्राकडे ती आळीपाळीने पाहत होती.

"आशीर्वादाचा हात सैल असतो, तात. हा माझ्या ठशासारखा दाबलेला आहे. ही आतून भिंत ढकलते आहे! डोळे भयाने फाटलेत. ओठ हसत नाहीत, हाका मारताहेत. ही देवी नाही. माझी आई आहे!"

सभा गारठली. अरे देवा, ती इतकी वर्षे ओरडत होती आणि आपण नगारा बडवत होतो! राजाच्या हातून आरतीचे तबक पडले.

शशिप्रभेने त्या तळव्यावर आपला तळवा टेकला. भिंत उबदार झाली, रंग ओला झाला, पुसलेले पाय परत आले, आणि राणी बाहेर पडली. कपाळावर कुंकवाचे थर, केसांत दिव्यांची काजळी. तिकडे मांत्रिकाची जागच्या जागी राख झाली.

राजाने हात जोडले.

राणी दचकून मागे सरली. "हात जोडू नका, महाराज. हात द्या. उभे राहवत नाही."

फुटका नगारा पुन्हा कुणी मढवला नाही. त्या राज्यात अजूनही चित्राला हार घालण्याआधी माणसे भिंतीला कान लावून पाहतात.