उंबरठ्यावरची सात दगडी मांजरं

एका राज्यात दोन जावा राहत होत्या. थोरली सुलक्षणा, राजाची राणी. धाकटी वेणुमती, राजाच्या भावाची बायको. थोरलीला सिंहासन होतं, चांदीचा झोपाळा होता, पदरी मूल तेवढं नव्हतं. तिच्यापाशी एक मांजरी होती, शुभ्रा. लांब केसांची, पांढरीधोप. "उत्तरेच्या राजकुळातली हो!" असं राणी आल्यागेल्याला सांगायची.

धाकटीच्या अंगणात सहा मांजरं. कुठली कोण, कुणाची कोण, देवाला ठाऊक. दूधभात ठेवला की गोळा व्हायची.

पुढे काय झालं, धाकटीला मुलगा झाला.

सारा वाडा तिच्या अंगणात लोटला. राजा गेला, राजगुरू गेले, राणीची दासीसुद्धा "आत्ता आले हं" म्हणून गेली ती दुपार कलली तरी आली नाही. राणी खिडकीत बसून बघत राहिली. एक दिवस सोसलं. दुसऱ्या दिवशी शुभ्रा उठली, तिनं आळस दिला, जिना उतरली आणि धाकटीच्या अंगणात त्या सहांच्या मधोमध जाऊन निजली.

तेव्हा मात्र राणीच्या पोटात आग पेटली. "माणसं तिची, मूल तिचं, आता माझी मांजरीही तिचीच!"

तिनं धूम्रकेश मांत्रिकाला बोलावलं.

"आज्ञा?"

"ज्या मांजराच्या रक्तात भेसळ असेल, त्याचा दगड होवो."

"राणी, बोल तोलून घे."

"तोलला."

मांत्रिकानं चिमूटभर राख फुंकली. राज्यातल्या साऱ्या मांजरांचे दगड झाले. धाकटीच्या अंगणात सहा दगड झाले. सातवा शुभ्राचा.

आता त्या राज्याची रीत अशी, की बाळाच्या सहाव्या दिवशी दिवेलागणीला सटवाई मांजरावर बसून यायची आणि बाळाच्या कपाळी आयुष्याची रेघ ओढायची. मांजर नाही तर सटवाई नाही. रेघ नाही तर बाळाला सातवा दिवस नाही. सुईण ऊर बडवत वाड्यात आली, तेव्हा राणीच्या पायाखालची जमीन सरकली. मत्सरी होती ती, पापीण नव्हती.

"शाप मागे घे," ती मांत्रिकाला म्हणाली.

"फुंकलेली राख मुठीत येत नाही. जिच्या कुळात भेसळ नाही, अशा मांजरीचा पंजा दगडांना लाव. दगड उठतील."

"मग माझ्या शुभ्राचा दगड का झाला?"

"ते तिलाच विचार," म्हणाला आणि धूर होऊन गेला.

चिंचेवर भारद्वाज बसला होता. तो बोलला, "राणी, माझं पीस मुठीत धर. मनात आणशील तिथे पोचशील." राणीनं पीस धरलं.

तिसऱ्या दिवशी ती हिमपर्वतावर उतरली. तिथली मांजरं दाट झुपकेदार केसांची, कानांच्या टोकांना गोंडे. राणीनं हात जोडले. "आपलं कूळ निर्मळ ना?"

म्हातारा बोका हसला. "बाई, आमची पणजी मैदानातल्या कोठारावरची, आखूड केसांची. तांड्याबरोबर वर आली. थंडी पडली, तशी ज्यांचे केस दाट ती जगली, बाकीची गेली. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं. थंडीनं आम्हाला निवडलं, आम्ही काही केलं नाही."

चौथ्या दिवशी ती समुद्रातल्या बेटावर उतरली. तिथे एकाही मांजराला शेपूट नाही.

"आमच्यात बाहेरचं कुणी नाही," तिथली भाटी, म्हणजे मांजरी, ऐटीत म्हणाली. राणीचा जीव भांड्यात पडला. "फक्त पहिली आजी काय ती गलबतातून आली. बंदरातली. तिला शेपूट होतं. तिच्या पोटी एक पिल्लू आपोआप बिनशेपटीचं निपजलं. बेट एवढंसं, जायचं कुठे? घरातल्या घरात सोयरिकी झाल्या, नि सगळ्यांचीच शेपटं गेली."

पाचव्या दिवशी ती एका नगरात गंगाक्का नावाच्या म्हातारीकडे गेली. गंगाक्काची मांजरं निळ्या डोळ्यांची, सायीच्या रंगाची, एकासारखं दुसरं.

"ही मी घडवली," गंगाक्का म्हणाली. "निळ्या डोळ्यांचा बोका, निळ्या डोळ्यांची भाटी. मनासारखं पिल्लू ठेवलं, बाकीची लोकांना दिली. वीस पिढ्यांची वंशावळ आहे, बघ हवी तर."

राणीनं वंशावळ उघडली. पानं उलटत उलटत पहिल्या पानाशी आली. तिथे लिहिलं होतं : बाजारात सापडली, आईबाप ठाऊक नाहीत.

राणी पायरीवर मट्‌कन बसली.

सहाव्या दिवशी सकाळी भारद्वाज म्हणाला, "निर्भेळ मांजर पृथ्वीवर नाही, राणी. आता एकच वाट आहे. ज्या सातांकडे बघून शाप दिलास, त्यांची खरी ओळख एकेकाला सांग. ती उठली की राज्यातली सगळी उठतील."

राणी अंगणात धावली. सातही दगड राखाडी. शुभ्रा तेवढी ओळखू आली. एका दगडाचे केस लांब वाटले, म्हणून ती म्हणाली, "तू हिमपर्वताच्या कुळातला." तडक्‌! दगडाच्या कानाचा टवका उडाला. पुन्हा बोलायची तिची छाती होईना.

शेवटी ती बाळंतिणीच्या उंबरठ्यापाशी गेली. आत वेणुमती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ रडतसुद्धा नव्हतं.

"वेणू, हे मी केलं."

"ठाऊक आहे, जाऊबाई. दासींच्या पोटात काही राहिलंय का कधी?"

"मग शिव्या दे मला."

"शिव्या सातव्या दिवशी देईन. आधी बाळाला सातवा दिवस दिसू द्या."

राणीची मान खाली गेली. "तुझी मांजरं कुठल्या रंगाची होती, सांग."

"अगबाई! रोज खिडकीत बसून बघत होता की!"

"बघत होते," राणी म्हणाली, "पण मांजरं नाही गं, तुला बघत होते. तुझ्याकडे कोण येतं, कोण हसतं, तेवढंच."

वेणुमतीनं बाळाला पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "मला अजून उंबरठा ओलांडता येत नाही. तुम्हीच एकेक आणा."

राणीनं दगड कडेवर घेतला. जन्मात पहिल्यांदा तिच्या कडेवर कुणी बसलं. टवका उडालेलं ते मांजर तिनं उंबरठ्यावर ठेवलं.

"ह्याचं कूळ?"

"कूळ ठाऊक नसलं की आपण बनवायचं नाही, जाऊबाई. दिसतं ते म्हणायचं. आधी केस, मग रंग. ह्याची आई आखूड केसांची होती, हा लांब केसांचा निपजला. म्हणून का तो हिमपर्वतावरचा झाला? लांब केसांचा, काळा-पांढरा दुरंगी, म्हणा."

राणी तसं म्हणाली. दगड ऊबदार झाला, जांभई देऊन उठला. कान मात्र चिरलेला राहिला.

मग आखूड केसांचा पट्टेरी उठला. आखूड केसांची, काळ्या-तांबड्याच्या सरमिसळीची कासवपाठी उठली. तिरंगी उठली, ठिपक्यांची उठली, लांब केसांचा तांबडा उठला. राणीची कंबर मोडली, घाम पाठीवरून ओघळला. सूर्य टेकला.

सातवा दगड शुभ्राचा.

"ही तुमची," वेणुमती म्हणाली. "हिची ओळख तुम्ही सांगायची."

"उत्तरेच्या राजकुळातली..." दगड हलला नाही. आतून सुईण ओरडली, "बाळ गार पडतंय!"

ज्या एका गोष्टीत राणी धाकटीहून वरचढ होती, ती गोष्ट तिनं उंबरठ्यावर ठेवली. म्हणाली, "लांब केसांची. पांढरी. आईबाप मला ठाऊक नाहीत."

शुभ्रानं डोळे उघडले. राज्यातली सारी मांजरं एकदम ओरडली. दिवे लागले, आणि सटवाई आली. कशावर बसून आली? कान चिरलेल्या दुरंगी बोक्यावर. तिनं बाळाच्या कपाळी बोट फिरवलं, लांबलचक रेघ ओढली. बाळानं टाहो फोडला.

शुभ्रा राणीकडे न बघता वेणुमतीच्या कुशीत शिरली. राणीच्या काळजात पुन्हा बारीकशी कळ आली. खोटं कशाला सांगू, आली. पण ती तिथेच बसून राहिली.

वेणुमतीनं बाळ उचललं, हात लांब करून उंबरठ्यापलीकडे राणीच्या मांडीवर दिलं. "धरा नीट. मान सांभाळा. मला तुमची मांजरी घेऊ द्या जरा."

राणीनं मान सांभाळली.

सटवाईमाते, जशी त्या वाड्यावर प्रसन्न झालीस, तशी जळणाऱ्या प्रत्येक मनावर हो. कहाणी ऐकणाऱ्यांनी पहिला घास दारच्या मांजराला घालावा, रंग कुठलाही असो. मग आपण जेवावं.