वीतभर पुढं, सरकार

भुजंगराव राजांचा नवा फिरता महाल दहा पावलं चालला आणि अडला.

महाल म्हणजे दोन चाकांवरची लाकडी खोली. पुढे धोंडजी गाडीवानाची बैलगाडी, आणि तिच्या शेपटाला साखळदंडाने महालाची दांडी अडकवलेली. शेजारच्या राजाला हा थाट दाखवायच्या काळजीने राजे तीन महिने धड जेवले नव्हते म्हणे. त्यांच्याकडे पाहून ते पटत नसे.

अडचण अशी, की महाल पुढच्या अंगाला जड होता. त्याची दांडी बैलगाडीचं शेपूट खाली दाबी. मग गाडीचं तोंड वर उचललं जाई, जू मानेवरून सुटे आणि गळ्यातली जोती पवळ्या-हरण्याचा गळा आवळीत. बैल डोळे पांढरे करून उभे राहिले. राजांच्या मते खोट बैलांत होती.

प्रधानजींनी पुढचा पितळी पलंग मागे न्यायला सुचवलं. पण मांडणी राणीसाहेबांची होती. राजांनी हुकूम सोडला, की महालातली एकही वस्तू काढायची नाही, नवी घालायची नाही आणि आहे ती हलवायची नाही. दुपारच्या नगाऱ्यापर्यंत गाडी चालली नाही, तर बैल सरकारजमा आणि गाडीवान राज्याबाहेर.

सुतारांनी चाकांना तेल दिलं. लोहाराने साखळीची एक कडी काढली आणि पुन्हा घातली. पुरोहितांनी नारळ फोडला. धोंडजी मात्र बैलांच्या गळ्यात पडून रडत होता. वासरं असल्यापासून त्याने ते पोरांसारखे वाढवले होते.

एवढ्यात त्याची मुलगी हौसा भाकरी घेऊन आली. तिने भाकरी बापाच्या हातात दिली, महालाभोवती एक फेरी घातली आणि राजांपुढे हात जोडले.

"सरकार, खोट घावली. पर ती बघायला महालाच्या मागच्या टोकाला यावं लागंल."

राजे सकाळपासून पुढच्या खिडकीशी गादीवर बसले होते. चार हुजऱ्यांनी हात दिला तेव्हा उठले आणि धापा टाकत मागच्या टोकाला पोचले. तशी दांडी वर आली आणि जू खाली उतरलं. बैलांच्या मानेवर जरा जास्तच दाबलं.

"कुठे आहे खोट?"

"वीतभर पुढं या, सरकार."

राजे वीतभर पुढे आले. जू मानेवर अलगद टेकलं. पवळ्याने शेपूट हलवलं.

"आता दाखव."

"ती पुढच्या खिडकीशी बसली व्हती, सरकार. आता हितं आलीया, म्हणून गाडी नीट झाली."

प्रधानजी आपले जोडे निरखू लागले. राजांचे कान तांबडे झाले.

"म्हणजे राजाने मागे बसायचं?"

"दसऱ्याच्या स्वारीत समद्यांत पुढं कोन असतंय, सरकार?"

"रस्ता झाडणारे."

"त्येंच्या मागं?"

"पखालवाले. मग ढोलवाले."

"आन् सरकार?"

राजे असे हसले, की महाल गदगदा हलला आणि हरण्या फुरफुरला.

"सरकार," हौसा म्हणाली, "हसा, पर जागा सोडू नगा."

नगारा वाजला तेव्हा गाडी वेशीबाहेर पडली होती. बैल धोंडजीकडेच राहिले, वर त्याला जरीचा फेटा मिळाला. हौसाला राजांनी भर दरबारात एक हक्क दिला. गाडी तिरकी दिसली, की राजांना "सरका" म्हणायचं. अख्ख्या राज्यात हा मान तिला एकटीला होता. राणीसाहेब तो कितीतरी वर्षांपासून मागत होत्या.